ॲड्रिनलमधली गाठ : आधी साधा सीटी

मुतखड्याची कळ उठली म्हणून पोटाचा सीटी स्कॅन होतो. खडा कुठे अडकला ते कळते, औषध सुरू होते. आणि रिपोर्टच्या तळाशी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एक ओळ छापून येते : डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत सव्वादोन सेंटिमीटरची गाठ. खडा काही दिवसांत पडून जातो, पण त्या ओळीने घरातल्या सगळ्यांची झोप उडते. कुणी एमआरआय सुचवतो, कुणी थेट पेट स्कॅन, कुणी म्हणतो सुई घालून तुकडा काढा आणि तपासा. या धावपळीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. उत्तर बहुधा त्याच मुतखड्याच्या स्कॅनमध्ये पडून असते, फक्त ते कुणी मोजलेले नसते.

ॲड्रिनल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी, दोन्ही किडन्यांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. वजन प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅम. कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, ॲड्रिनलिन ही हार्मोन्स इथे तयार होतात आणि रक्तदाब, रक्तातली साखर, क्षारांचा तोल त्यांच्यावर चालतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये या ग्रंथीत गाठ दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. प्रौढांच्या पोटाच्या सीटीत साधारण ४ ते ५ टक्के लोकांमध्ये ती सापडते. तिशीच्या आत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते, सत्तरीपुढे ते ७ ते १० टक्क्यांपर्यंत जाते. यातल्या बहुसंख्य गाठी 'ॲडिनोमा' या साध्या प्रकारच्या असतात. खुद्द ॲड्रिनल ग्रंथीचा कर्करोग मात्र फार विरळ, वर्षाला दहा लाख लोकांमागे एक ते दोन.

म्हणून घाबरून जायचे कारण नाही, पण दुर्लक्षही करायचे नाही. गाठ १ सेंटिमीटरहून मोठी असेल तर दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीच लागतात. गाठ साधी आहे की घातक? आणि ती जास्तीचे हार्मोन बनवते आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्कॅन देतो, दुसऱ्याचे रक्त आणि लघवी. कितीही महागडा स्कॅन केला तरी तो हार्मोनच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. हे दोन रस्ते सुरुवातीपासून बरोबरीने चालायला हवेत.

आता पहिला प्रश्न.

सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. त्याला हाउन्सफिल्ड युनिट किंवा थोडक्यात 'एचयू' म्हणतात. ईएमआय कंपनीतले ब्रिटिश अभियंते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी हे यंत्र घडवले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर आणि चरबी उणे १०० च्या आसपास असते. स्नायूंसारख्या मऊ ऊतींचा आकडा साधारण ४० ते ६० असतो.

ॲड्रिनलच्या बाबतीत ही मोजपट्टी फार कामाची ठरते, आणि त्याचे कारण ग्रंथीच्या कामातच आहे. कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासून बनतात, त्यामुळे या ग्रंथीच्या पेशी स्निग्ध पदार्थाचा साठा बाळगतात. साध्या ॲडिनोमाच्या पेशींतही तो साठा भरपूर असतो आणि त्यामुळे गाठीची घनता खाली उतरते. कर्करोगाच्या किंवा दुसऱ्या अवयवातून पसरून आलेल्या गाठीत असा साठा सहसा नसतो. तिचा आकडा चढा असतो.

म्हणून पहिला नियम असा : कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन न देता केलेल्या साध्या सीटीत गाठ सगळीकडे एकसारखी दिसत असेल आणि तिचा आकडा १० एचयू किंवा त्याहून कमी असेल, तर ती साधी गाठ आहे. युरोपातल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा हा नियम ४ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींपुरता होता. २०२३ च्या सुधारित सूचनांनी आकाराची अटही काढून टाकली. अशा गाठीसाठी पुढे एमआरआय नको, पेट नको, दरवर्षीचा सीटीही नको. ही सूचना आपल्याकडे अजून सगळीकडे पोचलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. ८ एचयूची गाठ असलेले लोक दर सहा महिन्यांनी पैसे आणि किरणोत्सर्ग दोन्ही झेलत राहतात, तेव्हा त्यातून त्यांना काहीही मिळत नसते.

मुतखड्यासाठीचा सीटी सहसा कॉन्ट्रास्टशिवायच करतात. म्हणजे हवा तो आकडा त्यात आयताच असतो. रिपोर्टमध्ये तो लिहिलेला नसेल तर स्कॅनची सीडी घेऊन त्याच रेडिओलॉजिस्टकडे जावे आणि 'गाठीचा प्लेन एचयू किती आहे, गाठ एकसारखी आहे का' एवढे लिहून मागावे. संगणकावर गाठीवर एक वर्तुळ काढून हे मोजमाप काही मिनिटांत होते. वर्तुळाने गाठीचा बराचसा भाग व्यापायला हवा, पण कडेची चरबी त्यात येता कामा नये, नाहीतर आकडा खोटाच खाली उतरतो. छापील फिल्मवरून हे मोजता येत नाही. त्यासाठी मूळ डिजिटल प्रतिमाच लागतात.

याच कारणाने जुन्या सीड्या सोन्याच्या मोलाच्या आहेत. २०२० आणि २०२१ च्या कोविडलाटांत महाराष्ट्रातल्या घराघरांत 'एचआरसीटी' हा शब्द पोचला. छातीचे ते स्कॅन बहुधा कॉन्ट्रास्टशिवायच झाले होते आणि त्यांच्या खालच्या काही चकत्यांमध्ये ॲड्रिनल ग्रंथी अनेकदा दिसतात. गाठ तेव्हाही तेवढीच होती असे त्यात आढळले, तर इतक्या वर्षांत ती वाढलेली नाही याचा पुरावा हाती येतो. घातक गाठी सहसा इतका काळ थांबत नाहीत. कपाटातली सीडी शोधण्याचे कष्ट कधीकधी नव्या स्कॅनचा खर्च वाचवतात.

अडचण येते ती पहिला स्कॅनच कॉन्ट्रास्ट देऊन झालेला असेल तेव्हा. अपेंडिक्स, आतड्याचा आजार, अपघात अशा कारणांसाठी बहुधा कॉन्ट्रास्टचाच सीटी होतो. औषध गाठीत शिरले की तिची घनता वाढते, मग १० एचयूचा नियम तिथे लागू पडत नाही. कॉन्ट्रास्टच्या स्कॅनमध्ये ६० एचयू आले म्हणून गाठ संशयास्पद ठरवणे चूक आहे. अशा वेळी ॲड्रिनलपुरता, कमी किरणोत्सर्गाचा साधा सीटी वेगळा करून घ्यावा. महागड्या तपासण्यांच्या आधी या साध्या स्कॅनचा मान आहे.

सगळ्याच ॲडिनोमा या नियमात बसत नाहीत. साधारण ३० टक्के ॲडिनोमांमध्ये स्निग्ध साठा कमी असतो आणि त्यांचा आकडा १० च्या वर जातो. म्हणजे ११ किंवा १८ आले की कर्करोग, असे मुळीच नाही. गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा लहान, एकसारखी आणि ११ ते २० एचयूची असेल तर २०२३ च्या सूचना दोन मार्ग देतात : लगेच दुसऱ्या पद्धतीचा स्कॅन, किंवा १२ महिन्यांनी पुन्हा साधा सीटी. दुसरा मार्ग ऐकून अनेकांना चैन पडत नाही, पण तो हयगयीचा नाही. वर्षभरात गाठीचा सर्वांत मोठा व्यास २० टक्क्यांहून अधिक आणि शिवाय किमान ५ मिलिमीटर वाढला, तरच शस्त्रक्रियेचा विचार पुढे येतो. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक मोजण्यातलाही असू शकतो.

आकडा २० च्या वर, गाठ आतून चट्ट्यापट्ट्यांची, कुठे मृत पेशी, कुठे रक्तस्राव, आणि आकार ४ सेंटिमीटर किंवा अधिक, असे सगळे जुळून आले तर मात्र वाट पाहू नये. हे रुग्ण एकट्या डॉक्टरच्या भरवशावर नसावेत. हार्मोनतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि ॲड्रिनलच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेला सर्जन यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायला हवा, आणि तो बहुधा गाठ काढण्याचाच असतो.

मधल्या गाठींसाठी कोणता स्कॅन निवडायचा? इथे तीन नावे पुढे येतात.

पहिले, कॉन्ट्रास्टचा 'वॉशआउट' सीटी. यात आधी साधा स्कॅन होतो, मग इंजेक्शननंतर साधारण एका मिनिटाने दुसरा आणि १५ मिनिटांनी तिसरा. ॲडिनोमा औषध झटकन घेते आणि झटकन सोडते, तर घातक गाठ ते धरून ठेवते. १५ मिनिटांत ६० टक्के किंवा अधिक औषध धुऊन गेले तर ॲडिनोमाची शक्यता मोठी. साधा स्कॅन उपलब्ध नसेल तर वेगळे गणित मांडतात, तिथे सीमा ४० टक्क्यांची. ही पद्धत वर्षानुवर्षे वापरात आहे, पण तिच्यावरचा विश्वास अलीकडे कमी झाला आहे आणि तो कमी व्हायलाच हवा होता. ॲड्रिनलिनसारखी हार्मोन्स सोडणारी फिओक्रोमोसायटोमा ही गाठ, तसेच किडनीच्या किंवा यकृताच्या कर्करोगातून आलेली गाठही कधीकधी औषध तितक्याच वेगाने सोडते. किडनीचे काम मंदावलेल्यांना आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट जपून द्यावे लागते, त्यामुळे आधी क्रिएटिनिन तपासून घ्यावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असल्यास तेही सांगावे.

दुसरे नाव एमआरआयचे, पण साधा एमआरआय नव्हे. 'केमिकल शिफ्ट' पद्धतीचा हवा, आणि चिठ्ठीवर तसे लिहिलेले असायला हवे. पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजनचे कण चुंबकीय क्षेत्रात किंचित वेगळ्या वेगाने घुमतात. एका क्षणी दोघांचे संकेत एकमेकांत मिळतात, दुसऱ्या क्षणी एकमेकांना खोडतात. दोन्ही क्षणी प्रतिमा घेतल्या की ज्या पेशींत पाणी आणि स्निग्ध पदार्थ दोन्ही आहेत त्या दुसऱ्या प्रतिमेत काळवंडतात. गाठीचा उजाळा सुमारे १६.५ टक्क्यांहून जास्त उतरला तर ती ॲडिनोमा मानतात. यासाठी गॅडोलिनियमचे इंजेक्शन लागत नाही आणि किरणोत्सर्ग अजिबात नसतो. म्हणून गर्भवती, लहान मुले आणि चाळिशीच्या आतले रुग्ण यांच्यासाठी एमआरआयला पहिली पसंती द्यावी. या वयात साध्या गाठीही कमीच असतात, त्यामुळे तपासणी लांबवू नये हेही तितकेच खरे.

पण एमआरआय शोधतो तीच गोष्ट जी सीटीने मोजली, म्हणजे पेशीतला स्निग्ध साठा. ११ ते २० एचयूच्या गाठीत, क्वचित ३० पर्यंत, तो सीटीहून थोडे अधिक सांगू शकतो. त्यापुढे नाही. ६ एचयूची गाठ 'खात्रीसाठी' एमआरआयला पाठवणे आणि ३८ एचयूच्या गाठीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवणे, दोन्ही व्यर्थ.

तिसरे नाव पेट-सीटीचे. यात किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर, एफडीजी, शिरेतून देतात. ज्या पेशी ती जास्त खेचतात त्या उजळतात. या फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे असते, म्हणूनच केंद्राने दिलेली वेळ चुकवून चालत नाही. गाठीची चमक यकृताच्या चमकेशी ताडून पाहतात. ज्याला आधी फुप्फुसाचा, स्तनाचा किंवा दुसरा कर्करोग झालेला आहे आणि ॲड्रिनलची गाठ १० एचयूच्या वर आहे, त्याला पेट खरोखर उपयोगी पडतो. मोठी, संशयास्पद गाठ काढण्याआधी रोग आणखी कुठे पसरला आहे का, हे पाहायलाही तो लागतो.

कर्करोगाचा इतिहास नसलेल्या माणसाला लहान, गुळगुळीत गाठीसाठी थेट पेटला पाठवणे मात्र योग्य नाही. पेटमध्ये चमकले म्हणजे कर्करोग, हे समीकरण आपल्या देशात तर फारच धोक्याचे आहे. क्षयरोग आणि हिस्टोप्लाझ्मा या बुरशीचा संसर्ग ॲड्रिनलमध्ये बसतो तेव्हा ग्रंथी पेटमध्ये झगझगीत दिसतात. फिओक्रोमोसायटोमाही चमकतो, काही साध्या ॲडिनोमाही. उलट किडनीच्या कर्करोगातून आलेली गाठ कधीकधी फिकीच राहते.

दोन्ही बाजूंच्या ग्रंथी एकदम सुजलेल्या दिसल्या, सोबत वजन उतरणे, थकवा, रक्तदाब खाली, त्वचा काळवंडणे अशा तक्रारी असल्या, तर भारतीय डॉक्टरांच्या मनात क्षयरोग आला पाहिजे. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये ॲड्रिनल निकामी होण्याचा जो आजार वर्णन केला, त्यामागे त्या काळी मुख्यतः क्षयच असे. अशा रुग्णांत सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल तातडीने तपासावे, कारण ते फार खाली असेल तर औषध आधी आणि पुढचे स्कॅन नंतर. दोन्हीकडे गाठी असल्या तरी प्रत्येकीचा आकडा स्वतंत्र मोजायचा असतो. एक साधी आणि दुसरी वेगळीच, असेही होते.

सोनोग्राफीबद्दल थोडक्यात. गाठ आहे हे ती अनेकदा पहिल्यांदा दाखवते, विशेषतः उजवीकडची, कारण यकृतातून तिकडे पाहायला वाट मिळते. नवजात बाळांत ती उत्तम चालते. पण प्रौढांत गाठ साधी की घातक हे सोनोग्राफीवर ठरवता येत नाही.

काही गाठी मात्र सीटीत स्वतःच ओळख सांगतात. मायलोलिपोमात खरीखुरी चरबी साठलेली असते आणि तिचा आकडा उणे ३० च्याही खाली उतरतो. पाण्याने भरलेली, पातळ भिंतीची पुटी शून्याच्या आसपास असते आणि कॉन्ट्रास्ट देऊनही उजळत नाही. यांना पुढच्या तपासण्यांची रांग लावू नये. फार मोठा मायलोलिपोमा दुखत असेल किंवा त्यात रक्तस्राव झाला असेल तर गोष्ट वेगळी.

आता हार्मोनचा रस्ता, कारण पुढच्या स्कॅनची निवड त्यावरही ठरते. प्रत्येक रुग्णात रात्री अकरा वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी कॉर्टिसॉल मोजतात. ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत असेल तर गाठ स्वतःच्या मर्जीने कॉर्टिसॉल सोडत नाही. गाठ १० एचयूच्या वर असेल तर रक्तातले किंवा लघवीतले मेटानेफ्रिन तपासणे अत्यावश्यक, कारण फिओक्रोमोसायटोमा निसटता कामा नये. तो सापडला तर डोटाटेट पेट किंवा एमआयबीजी स्कॅन यांचा विचार होतो. १० एचयूच्या खालच्या एकसारख्या गाठीत फिओक्रोमोसायटोमा जवळपास नसतोच, त्यामुळे तिथे या तपासणीचा आग्रह आता धरत नाहीत.

रक्तदाब जास्त असेल किंवा पोटॅशियम कमी असेल तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचे प्रमाण काढावे. इथे एक सापळा आहे. अल्डोस्टेरॉन जास्त आणि सीटीत डावीकडे गाठ, म्हणून डावी ग्रंथी काढली, असे सरळ गणित चालत नाही. साध्या गाठी वयाबरोबर कुणालाही होतात, आणि हार्मोन सोडणारी खरी गाठ दुसऱ्या बाजूला, सीटीत न दिसण्याइतकी बारीक असू शकते. दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांतून थेट रक्त घेऊन केलेल्या तुलनेशी सीटी किंवा एमआरआय ताडून पाहिले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांत दोघांचे जुळले नाही. शस्त्रक्रिया ठरवण्याआधी ही शिरांची तपासणी कुठे होते ते विचारावे. ती जिकिरीची आहे आणि सराव असलेल्या मोजक्याच केंद्रांत नीट होते.

आणि सुईची तपासणी? ॲड्रिनलच्या गाठीत ती शेवटच्या क्रमांकावर असते. फिओक्रोमोसायटोमा नाही हे मेटानेफ्रिनने सिद्ध झाल्याखेरीज सुई घालू नये, नाहीतर रक्तदाब एकदम भडकून जिवावर बेतू शकते. ॲड्रिनलच्याच कर्करोगाचा संशय असेल तर सुई टाळून गाठ अखंड काढतात. दुसरीकडचा कर्करोग पसरला आहे का, किंवा क्षय आणि बुरशी यांतले नेमके काय, असा प्रश्न असेल आणि उत्तरावर उपचार बदलणार असतील, तरच सुईचा उपयोग.

ॲड्रिनलमध्ये गाठ निघालेल्या प्रत्येकाने एका फायलीत चार गोष्टी ठेवाव्यात : पहिल्या स्कॅनची सीडी, साध्या सीटीतला एचयू, गाठीचा मिलिमीटरमधला आकार आणि हार्मोनच्या तपासण्यांचे कागद. पुढचा स्कॅन सुचवला गेला की डॉक्टरांना विचारावे, 'यातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळणार आहे, आणि त्या उत्तरावरून उपचार बदलणार आहेत का?' चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. आकडा १० च्या आत, गाठ एकसारखी आणि हार्मोन्स ठीक असतील, तर नव्या स्कॅनची तारीख घेऊ नये.